जांभळ्या तिपानीचा उन्हाळा

प्रेमापुढे काळ हरतो, मरण हरतं, आणि प्रत्यक्ष सूर्यनारायणही मान खाली घालतो. याला अपवाद फक्त पांढुर्ण्याच्या सूर्याचा. तो एप्रिल लागला की कुणापुढेच मान खाली घालत नाही, त्यामुळे इथल्या प्रेमाला दुपारी बारा ते चार शटर ओढून पंख्याखाली पडून राहावं लागतं.

पण ही गोष्ट सुरू झाली तेव्हा दिवाळी नुकतीच सरली होती आणि सूर्य माणसासारखा वागत होता. अशा एका सकाळी नत्थूजींच्या चष्म्याच्या दुकानात एक तरुण शिरायला गेला आणि काचेच्या दारावर आपटला.

नत्थूजींची मुलगी उर्वशी आतून धावत आली. दुकानात डोळे तपासायचं काम तिचं. त्याचं शिक्षण तिनं नागपूरला घेतलं होतं.

"लागलं का?"

"नाई जी. हे दार कवा बसवलं?"

"मी शाळेत होती तवा."

तरुणानं कपाळ चोळत खिशातून एक मोडका चष्मा काढला. "हा बापूजींचा आहे, माह्या वडिलांचा. दांडी बसवून द्या. मले काही नाई झालं. मले सारं दिसते."

"दार सोडून," उर्वशी म्हणाली आणि तिनं त्याला खुर्चीत बसवलं. "खालची ओळ वाचा."

तरुणानं मान पुढं काढली, डोळे बारीक केले.

"खाली ओळ आहे?"

त्याचं नाव कुलदीप. सौंसरच्या पुढं बोरगावला त्याची संत्र्याच्या कलमांची नर्सरी होती, आणि आजवर ती त्यानं निव्वळ अंदाजावर चालवली होती. उर्वशीनं तपासणीची जड चौकट त्याच्या नाकावर ठेवली. एक काच घातली, काढली, दुसरी घातली. तिच्या बांगड्या त्याच्या कानाशी वाजत होत्या… तो श्वास धरून बसला होता.

"आता?"

"थोडं थोडं."

"आणि आता?"

"आता… हो." तो तिच्याकडे बघतच राहिला.

"काय दिसते?"

"तुमच्या भुवईत एक पांढरा केस आहे."

प्रेमाची सुरुवात करण्यासाठी या वाक्याची शिफारस कुणी करणार नाही. उर्वशी संध्याकाळपर्यंत धुसफुसत होती. मग आरशासमोर गेली. केस होता! ज्या माणसाला खांब आणि म्हैस यांतला फरक आवाजावरून कळायचा, त्याला नजर मिळाली आणि त्यानं ती पहिल्यांदा आपल्या भुवईवर खर्च केली… तिला त्या रात्री उगीच हसू येत राहिलं.

चष्मा न्यायला आला तेव्हा त्याच्या हातात कुंडी होती. तीन-तीन पानांची जांभळी झुंबरं, जशी फुलपाखरं मधोमध दुमडून काडीवर बसवलेली.

"हे काय?"

"शॅमरॉक म्हणतात. नागपूरच्या प्रदर्शनातून कंद आणले होते. इकडं कोणी घेत नाई."

नत्थूजींनी चष्मा कपाळावर चढवून निरीक्षण केलं. "हे त् आंबुशी होय! आमची माय जन्मभर वावरातून उपटून राहिली होती."

"ती रानातली हिरवी, काका. ही तिची बहीण. जांभळी तिपानी."

"तणाले लुगडं नेसवलं का ते पाहुणं होते का?" असं म्हणून नत्थूजींनी विषय संपवला. तरी कुंडी बाहेर काही फेकली नाही.

कुलदीप उर्वशीला समजावत होता, "खिडकीत ठेवा. सकाळचं कवळं ऊन चालते, दुपारचं नको. माती वरून सुकली का मगच पाणी. अधूनमधून कुंडी फिरवा, नाई तं ते उजेडाकडं एकाच अंगानं वाकते."

"आणि रात्री?"

"रात्री पानं मिटून घेते."

"मंग मी घाबरू का?"

"नाई जी… सकाळी आपोआप उघडते. मी आलो नाई तरी."

"म्हणजे तुमी येणार नाई?"

"असं कवा म्हटलं मी?" कुलदीप घाईघाईनं म्हणाला आणि बाहेर पडताना दारावर आपटला नाही. एवढ्या गडबडीत उन्हाळ्याचं तेवढं सांगायचं राहून गेलं.

हिवाळाभर तो येत राहिला. कधी नाकावरची पट्टी टोचायची, कधी स्क्रू ढिला व्हायचा. नत्थूजींच्या ध्यानात आलं की बोरगावच्या या एका चष्म्याचे स्क्रू पांढुर्ण्यातल्या सगळ्या चष्म्यांहून जास्त ढिले होतात. ते स्क्रू घट्ट करून देत राहिले.

तो मुद्दाम दिवस कलताना यायचा. त्या वेळी तिपानीची पानं एकेक करून मिटायला लागायची, आणि दोघं खिडकीशी उभे राहून ते बघायचे. मिटत्या पानांतून फिकट गुलाबी फुलं तेवढी वर डोकावत राहायची.

एकदा जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जाते असं सांगून ती निघाली. दर्शन खरंच घेतलं, म्हणजे खोटं ती अर्धंच बोलली. उरलेलं अर्धं बोरगावला नर्सरीत उभं होतं. संत्र्याच्या सावलीत, हिरव्या जाळीखाली, तिपानीचा अख्खा वाफा पसरलेला होता; दुकानातल्या कुंडीपेक्षा दुप्पट मोकळा.

"उर्वशीजी… मी काय म्हणतो…"

"काय?"

कुलदीपनं पायाजवळचा पाइप उचलला. "या ओळीले आज पाणी द्या लागते."

ती परतीच्या बसमध्ये बसली तेव्हा हसत होती. पुढच्या वेळी म्हणेल, तिनं स्वतःला सांगितलं.

पुढची वेळ आली नाही. एप्रिल लागला आणि कुलदीप यायचा थांबला. फोन केला तर बंद. दुसऱ्या दिवशी बंद. मग रोजच बंद. उर्वशी दुपारीही दुकानाचं शटर वर ठेवून बसायची. आत फक्त गरम हवा यायची.

आणि त्याच दिवसांत तिपानी पिवळी पडायला लागली. देठ लवले, पानं गळाली. उर्वशीनं सकाळी पाणी दिलं, दुपारी दिलं, रात्री मागच्या घरातून उठून येऊन दिलं. जितकं ती पाणी देई तितकी तिपानी खचत जाई. एकदा तर तिनं लिंबूसरबत द्यायचाही विचार केला. निदान ही एक गोष्ट तरी मरू नये, एवढंच तिचं म्हणणं होतं.

तेवढ्यात नागपूरचं स्थळ आलं. अरविंद नावाचा मुलगा, टाइल्सचं दुकान, बोलायला बरा. त्याच्यात नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं, आणि उर्वशीला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"पोरी, तो बोरगाववाला काही बोलला का?" नत्थूजींनी विचारलं.

"नाई."

"त्यानं एक डाव येऊन तोंड उघडलं असतं तं मी काय नाई म्हटलं असतं? आता मुक्या माणसाच्या भरवशावर नागपूरवाल्याईले किती दिवस थांबवू?"

उर्वशी खिडकीकडे बघत राहिली. "द्या शब्द," ती म्हणाली.

रविवारचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. शुक्रवारी तिपानीचं शेवटचं पान गळालं. उर्वशीनं ओली काळी मातीच उरलेली ती कुंडी उचलली आणि सौंसरची बस धरली. ज्याची वस्तू त्याच्या अंगावर टाकून मोकळं व्हायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

बोरगावच्या नर्सरीत भर दुपारी कुलदीप बनियनवर झाडाखाली बसला होता. ती दिसताच तो उभा राहिला आणि त्याचा चेहरा असा उजळला की उर्वशीला कुंडी त्याच्याच डोक्यात घालावीशी वाटली.

"आल्या! बापूजी, आल्या! मी म्हटलं नव्हतं?"

"काय म्हटलं होतं?"

"हे झाडं पाहा." त्यानं बागेकडे हात केला. झाडं कोमेजून उभी होती, पानं वळलेली, जमिनीला भेगा. "पावसाळ्यातला बहार धरायचा असला का आमी उन्हाळ्यात पाणी तोडतो. झाड सुकते, पानं टाकते, त्याले मरणाचा भेव वाटते. अन् मंग पाणी भेटलं का असं फुलते का पाहू नका! याले ताण देणं म्हणतात."

"मंग?"

कुलदीप जमिनीकडे बघायला लागला. "मंग… तुमालेही दिला."

"काय दिला?"

"ताण."

झाडाचं एक वाळकं पान दोघांच्या मधून खाली आलं.

"मी संत्र्याचं झाड होय का?"

"नाई जी! पण हिवाळाभर सारं चांगलं चाललं होतं अन् फूल काही लागत नव्हतं. तुमी बोलत नव्हत्या, मी बोलत नव्हतो. नुसता पाला वाढून राहिला होता. आमच्याकडं असं झालं का पाणी तोडतात…"

"आणि फोन?"

"बापूजींपाशी दिला. म्हटलं, मी मागितला तरी देऊ नका. मी रोज मागितला. बापूजी लय पक्के आहेत."

"रविवारी माह्यं साक्षगंध आहे," उर्वशी म्हणाली.

त्यानं तिच्या हातातली कुंडी घेतली. हातांना काहीतरी काम हवं होतं. मातीत बोट घातलं आणि थांबला. "याले पाणी दिलं? उन्हाळ्यात?"

"मंग काय पेट्रोल द्यायचं होतं?"

"हे झोपते, उर्वशी. उन्हाळ्यात पानं टाकून देते अन् खाली कंदात जाऊन झोपते. पाणी बंद करून थंड्या कोपऱ्यात ठेवून द्यायचं फक्त. मंग आपोआप कोंब येते…"

"हे मले कवा सांगितलं?"

त्यानं सांगितलंच नव्हतं. पोत्यावर कुंडी पालथी केली. खवल्याखवल्यांचे बारके कंद मातीतून निघाले. कुलदीप गुडघ्यांवर बसून एकेक कंद दोन बोटांत दाबून बघत होता. एक मऊ निघाला. दुसरा बोटांतच फुटला. आंबूस वास सुटला. उर्वशी त्याच्या बोटांकडे बघत होती.

अशा वेळी शेवटचा कंद टणक निघायची पद्धत आहे. शेवटचा कंद सर्वांत आधी सडलेला होता.

कुलदीपनं चष्मा काढला. "ताण नव्हता तो," तो म्हणाला. "भेव होता. तुमी नाई म्हणान, याचा. माणसाले विचारायची हिंमत नाई झाली म्हणून झाडाचं शास्त्र काढलं. दुसरं काही येत नाई मले… मले तू पायजे, उर्वशी. चष्मा नव्हता तवाही पायजे होती, फक्त दिसत नव्हती."

"बाबांनी शब्द दिला आहे."

"आता समजलं. तरी येतो मी. आताच येतो. त्याईनं हाकललं तं ओट्यावर बसतो, तिथून उठवलं तं रस्त्यावर." त्यानं घराकडे वळून आरोळी दिली, "बापूजी, टोपी घाला! पांढुर्ण्याले जायचं आहे!"

"कवाचीच घालून बसलो आहे," आतून आवाज आला. "तू सदरा घाल."

उर्वशीला बाबा माहीत होते. दिलेला शब्द त्यांनी आजवर परत घेतलेला नव्हता. नागपूरच्या पाहुण्यांचे फोन येत होते, साडी घरात येऊन पडली होती, आचारी सांगून झाला होता. रविवार दोन पावलांवर होता आणि या माणसाला अजून सदरा सापडायचा होता. काही होईल असं तिला वाटत नव्हतं. तरी तिचे पाय बसकडे वळत नव्हते, आणि दीड महिना कोरडे राहिलेले डोळे याच मूर्खासमोर वाहायला लागले होते.

कुलदीप सडक्या मातीनं भरलेले हात तसेच धरून उभा होता. "काही तं बोल. हो म्हण, नाई म्हण… शिव्या दे."

उर्वशीनं पदरानं तोंड पुसलं.

"एक गिलास पाणी भेटेन का?" ती म्हणाली. "मघापासून उन्हात उभी आहे, कोणी विचारलंच नाई."