भित्र्याचा बांध

काशीच्या पत्राला दिनानाथने उत्तर दिलं नव्हतं. एकोणीस दिवस झाले. ते निळं अंतर्देशीय पत्र शर्टाच्या खिशात राहून राहून घड्यांवर विरत चाललं होतं. मजकूर त्याला पाठ होता. 'होळीनंतरच्या पहिल्या रविवारी पनवेलकडचे लोक मला बघायला येनार हायेत. होय म्हनू का नाय, ते तू सांग. तोंडी नको, तोंडी तुझी बोबडी वलते. लिहून सांग.'

लिहायला तो कचरत नव्हता. अक्षर तर त्याचं छापल्यासारखं. पण जासईजवळच्या त्या पाड्यावर टपाल घरोघरी जात नसे. पोस्टमन सगळी पत्रं पोपटच्या चहाच्या टपरीवर टाकून जायचा. पोपट म्हणजे काशीचा थोरला भाऊ. पत्रं आधी तो वाचायचा, मग पोचवायचा. जमीन मोजू द्यायची नाही म्हणून त्यानेच मागच्या वर्षी मोजणीची साखळी खाडीत भिरकावली होती. "पुन्ना दिसलास तं साखलीच्या मागं तू," असंही बजावलं होतं. साखळीचं दुसरं टोक तेव्हा दिनानाथच्या हातात होतं. तो झोपेतूनही दचकून उठायचा.

काशीची पहिली भेटही भीतीनेच घडवली होती. त्याला आता दोन वर्षं झाली. सत्त्याहत्तर सालचा माघ. खाडीकाठी नवं शहर वसवणाऱ्या ऑफिसातला हा नकाशे काढणारा, बगलेत कागदाची गुंडाळी, खाजणातल्या, म्हणजे भरतीच्या पाण्याच्या दलदलीतल्या बांधावर डोळे गच्च मिटून उभा होता.

"ओ मोजनीवाले, डोले मिटून काय मोजता?"

"साप... साप आहे पुढे."

"पानसाप तो. इख नाय त्याला. तुमाला बघून तोच पलाला."

त्याने डोळे उघडले. डोक्यावर मिठाची पाटी, पोटऱ्यांना चिखल, आणि ओठात दाबलेलं हसू. लाज झाकायला त्याने घाईघाईने कागद उलगडला. "या जागेचं नाव काय?"

"कागदावं काय हाय?"

"एकशे चौदा."

"मंग ती जागा दुसरी असंल. आमी नंबरात नाय राहत."

मग तीच सांगत सुटली. ती पलीकडली बाळंतिणीची खाच, कारण तिची आजी तिथे भात लावताना बाळंत झाली. ती आंधळ्याची उघाडी. भरतीचं पाणी अडवायची तिथली फळी एक आंधळा म्हातारा नुसत्या आवाजावरून उघडायचा आणि लावायचा. तो रुसव्याचा माळ. दिनानाथ लिहीत गेला. दुसऱ्या दिवशीही लिहायला आला. तिसऱ्या दिवशी लिहायचं काही उरलं नव्हतं... तरी आला.

"आणि हा? आपण उभे आहोत तो?"

"याला नाव नव्हतं. परवापरयंत."

"आणि आता?"

"भित्र्याचा बांध," ती म्हणाली आणि पाटी सावरत चालू लागली.

कानापर्यंत लाल होऊन त्याने तेही शाईने लिहिलं. महिन्याभरात पाड्यावरच्या बायका एकमेकींना सांगू लागल्या, "भित्र्याच्या बांदावरनं ये, तिकरं चिखल नाय." ते ऐकून त्याला मान वर करवेना. पण बदलीच्या गावी, भाड्याच्या खोल्यांत वाढलेल्या त्या माणसाला आतून कसं ऊबदारही वाटलं. जगातल्या एका जागेला त्याची आठवण होती.

रविवार चार दिवसांवर आला, तेव्हा साहेबांनी त्याने नावांसकट काढलेला नकाशा टेबलावर पसरला.

"दिनानाथ, ही गोधडी कसली? नावं खरवडून टाका. सेक्टर नंबर घाला. परवा छपाईला जायचंय."

नकाशाच्या पारदर्शक कापडावरची शाई पुसत नाहीत, ब्लेडने खरवडतात. त्याने ब्लेड घेतलं. खाच गेली. उघाडी गेली. आंधळ्या म्हाताऱ्याची काळी भुकटी त्याने फुंकरीने उडवली आणि त्याला स्वतःचीच भीती वाटली. रुसव्याचा माळ गेला. मग ब्लेड बांधावर आलं... आणि थांबलं. हे नाव नकाशावरून गेलं, तर ते तोंडातच राहणार. आणि ज्या तोंडातून ते निघालं, ते रविवारी पनवेलला होकार देणार.

"हे राहू द्या, साहेब."

"काय आहे ते?"

"पत्ता आहे... माझा."

साहेबांनी चष्मा सरकवून, वाकून ते नाव वाचलं. दिनानाथने ब्लेड खाली ठेवलं.

"बारीक अक्षरात लिहा मग," साहेब म्हणाले.

संध्याकाळी त्याने टपाल कचेरीत साधं कार्ड मागितलं.

"उघडं जाईल हो," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "वाचतील लोक."

"वाचतीलच. आधी तर तिचा भाऊच वाचेल."

उभ्या उभ्याच त्याने लिहिलं.

'काशी, पनवेलकरांना नाही म्हण. रविवारी सकाळी आईला घेऊन मी येतो. आम्ही साताऱ्याकडचे, तुम्ही आगरी. आई दोन दिवस रडेल, पण येईल. तू मला हवी आहेस, हे तोंडी सांगायला मला आणखी दोन वर्षं लागली असती. पोपटराव, हे तुम्ही आधी वाचत असाल. मी पळून जाणार नाही. मला पोहता येत नाही, एवढं मात्र ध्यानात असू द्या. — दिनानाथ'

लाल पेटीच्या तोंडात हात मनगटापर्यंत गेला, तरी बोटं कार्ड सोडेनात. मागे कुणीतरी खाकरलं. "टाकताय का, भाऊ?"

"टाकतो," तो म्हणाला, आणि बोटं उघडली.