दिवेलागणीचा फोन

“आमच्या घरात कुणीतरी घात केलाय. कुणी ते शोधून द्या,” वहिनी दारातूनच म्हणाल्या, “आणि ते माझे दीर नसले, तर जन्मभर तुमचं नाव घेईन.”

मास्तरांनी पेपरची घडी घातली. भूगोल शिकवून निवृत्त झाल्यापासून त्यांना दोनच कामं उरली होती, पेपर वाचणं आणि बायकोला तिच्या कामात मदत करणं. दुसऱ्या कामात त्यांचा उत्साह दांडगा आणि उपयोग बेताचा. बायको विमा कंपनीत ठोकलेल्या गाड्या तपासायची. कोण खरं बोलतंय आणि कोण थापा मारतंय, हे ती पत्र्याला पडलेल्या पोचावरून सांगायची. नोकरी सोडून तिनं घरातच शोधकाम सुरू केलं, तरी लोक अजून तिला सर्व्हेअरबाईच म्हणत.

“आधी बसा, पाणी घ्या आणि मग सावकाश सांगा,” बाई म्हणाल्या.

वहिनींचा नवरा म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलवाला दादा. निम्म्या गावाला त्यानं गाडी शिकवलेली. मास्तरांनाही शिकवायचा त्यानं प्रयत्न केला होता, पण तो विषय नको. या दादाला एकच वेड होतं, ते म्हणजे एक जुनी, लाल, दोन सीटची स्पोर्ट्स कार. शेवटी ती सापडली एका निवृत्त कप्तानाकडे, पार समुद्रकाठी, कित्येक दिवसांच्या वाटेवर. दोघा भावांनी ड्रायव्हिंगच्या शाळेच्या गाडीतून जायचं आणि येताना दादानं लाल गाडी स्वतः चालवत आणायची, असं ठरलं. कित्येक महिने घरात दुसरं बोलणं नव्हतं.

“मुक्कामाचं विचारायला मी कप्तानांना फोन केला,” वहिनींचा आवाज कापला. “तर ते म्हणतात, गाडी विकली! तुमच्या धाकट्या दिरांनीच कळवलं ना, आम्ही येत नाही, गाडी दुसऱ्याला द्या म्हणून? आणि फोन शाळेच्याच नंबरवरून आलेला.”

“मग धाकटा काय म्हणतो?”

“तेच तर! ना हो, ना नाही. मूग गिळून बसलेत. हे चिडले, नाही नाही ते बोलले. भाऊजी अंथरूण उचलून गॅरेजमध्ये राहायला गेले. आता शाळेच्या पाटीवरचं ‘आणि बंधू’ खोडायला रंगारी सांगितलाय ह्यांनी. उद्या येईल. मी ह्या घरात आले तेव्हा भाऊजी शाळेत जात होते हो!”

“दोघांत आधी काही खटके?”

वहिनी घुटमळल्या. “भाऊजी म्हणायचे, ही चैन आहे, त्यापेक्षा शाळेला नवी गाडी घेऊ. आणि हल्ली संध्याकाळचे सगळे विद्यार्थी त्यांनी स्वतःकडे ओढून घेतलेत. ह्यांना फक्त सकाळचे ठेवले. मला ते खटकलं होतं, खोटं कशाला बोलू?”

मास्तरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. असा प्रकाश त्यांच्या डोक्यात वारंवार पडे. “अगं, उघड आहे! धाकट्याला शाळा गिळायचीय.”

“अहो, चपला घाला,” बाई म्हणाल्या.

शाळेची कचेरी म्हणजे घराखालची एक खोली. टेबल, फोन, बाक आणि वाहतुकीच्या खुणांचे तक्ते. समोरच्या भिंतीवर भलामोठा नकाशा, त्यावर जाड लाल पेनानं वाट आखलेली. दादानं उठून दोघांना बसवलं.

मास्तर नकाशाला जाऊन भिडले. नकाशा आणि मास्तर म्हणजे विचारूच नका. “दादा, हे काय? इथं सरळ बोगदा आहे. तो सोडून डोंगराला एवढा वळसा?”

“घाई कसली, मास्तर? मजेत जायचं होतं.”

“आणि प्रत्येक मुक्काम ऊन उतरायच्या आत? अहो, अशानं माणूस पोचायचा कधी!”

“म्हातारपण आलं आता,” दादा हसला.

वहिनींनी चहा आणला. दादाचा कप त्याच्या कोपराशी ठेवून त्या आत गेल्या. बाईंनी विचारलं, “फोन झाला तेव्हा तुम्ही कुठं होतात?”

“कप्तान म्हणतात, दिवेलागणीला आला. मी तेव्हा रस्त्यावर, विद्यार्थी घेऊन. शाळेची एकच गाडी सध्या चालू आहे, दुसरीचं इंजिन उघडलंय. धाकटा इथंच होता.” दादानं नकाशाकडे बघितलं. “पाठीवर घेऊन हिंडवलंय मी त्याला. आता बोलायची सोय राहिली नाही. ... अगं, चहा आणतेस ना?”

“हा काय, हाताशी!” वहिनी आतून डोकावल्या.

“बोलण्याच्या नादात बघितलाच नाही,” दादा म्हणाला. बाईंनी आपला चहा एका घोटात संपवला. त्यांना गरम चहा सोसत नाही, हे मास्तरांना ठाऊक होतं. त्यामुळे त्यांना जरा नवल वाटलं.

गॅरेज मागच्या अंगाला होतं. धाकटा उघड्या इंजिनात हात घालून उभा होता. कोपऱ्यात गुंडाळलेलं अंथरूण.

“फोन तू केलास?” बाईंनी सरळ विचारलं.

“दादा काय म्हणतो?”

“तू केलास म्हणतो.”

“मग झालं तर.” त्यानं पाना उचलला आणि उगाच पुसत बसला.

मास्तरांना राहवलं नाही. “लाज नाही वाटत? ज्यानं तुला लहानाचा मोठा केला, त्याच्या आयुष्यातलं एक सुख तुला बघवलं नाही? माझा विद्यार्थी असतास तर वर्गाबाहेर उभा केला असता!”

धाकट्याची मान खाली गेली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“बघितलंस?” बाहेर पडताच मास्तर म्हणाले. “गुन्हेगाराची मान आपोआप खाली जाते.”

“शरमेनं जाते,” बाई म्हणाल्या. “पण कुणाच्या, हे बघायला हवं.”

दुसरा संशयित मास्तरांना फारसा पटत नव्हता, तरी बाई गेल्याच. दातांचे डॉक्टर दादाचे जुने दोस्त आणि त्याच्याइतकेच गाडीवेडे. त्याच लाल गाडीसाठी त्यांनीही कप्तानाकडे नंबर लावलेला. आणि कप्तानानं वहिनींना सांगितल्याप्रमाणे गाडी विकली गेली होती त्यांनाच!

“चोर म्हणा मला,” डॉक्टर हात धूत म्हणाले. “पण कप्तानानं आपणहून फोन केला. पहिलं गिऱ्हाईक गळलं, तुम्ही घेता का? मी हो म्हणालो. दादाला सांगायला हवं होतं, पण धीर झाला नाही. तसाही हल्ली त्याचा भाव वाढलाय. गाडी घ्यायच्या आधी एकदा बाजूनं येऊन हात पुढे केला, तर पठ्ठ्या सरळ समोर बघत चालता झाला!”

“कप्तानाचा फोन कधी आला, आठवतं?”

“न आठवायला काय झालं? त्याच संध्याकाळी शाळेची गाडी माझं फाटक घेऊन चालली होती. मी गल्ली ओलांडत होतो. दिवे नुकते लागलेले. शिकणारी बाई नाकासमोर बघत होती आणि गाडी कडेकडेनं फाटकावर! शेजारच्यानं ऐनवेळी ब्रेक दाबला म्हणून फाटक वाचलं.”

“शेजारी कोण होतं?”

“काळोखात कुठलं दिसतंय? दादाच असणार, दुसरं कोण? नशीब म्हणत घरात शिरतो तो कप्तानाचा फोन!”

“बघ,” मास्तर रस्त्यात म्हणाले, “दादा गाडीवर होता याला साक्षीदारही मिळाला. आता कप्तानाला कशाला त्रास?”

बाईंनी कप्तानाला फोन लावलाच. म्हाताऱ्याला कमी ऐकू येत होतं, त्यामुळे अर्ध्या गल्लीनं ते संभाषण ऐकलं.

“आवाज? बसलेला होता!” कप्तान ओरडले. “धाकटा भाऊ बोलतोय म्हणाला, मी मानलं. मग गाडी कुणाला देऊ म्हटलं तर म्हणाला, डॉक्टरांना विचारा, ते जिवापाड जपतील. आणि नव्या माणसाला सांगा, इंजिन गार असताना तिला ताणू नका. फार दिवस एका जागी उभी ठेवू नका. दोनदा सांगितलं. मग बराच वेळ बोललाच नाही. फोन तुटला वाटलं मला!”

बाईंनी फोन ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. “सकाळी शाळेत जायचं. दादा, वहिनी आणि धाकटा. डॉक्टरांना बोलावू नका.”

“अगं, सगळे संशयित नकोत का समोर?” मास्तर हिरमुसले.

“नकोत,” बाई म्हणाल्या. “जेवढी माणसं कमी, तेवढं बरं.”

सकाळी कचेरीत चौघं बसले आणि धाकटा दाराला टेकून उभा राहिला. मास्तरांनी त्याच्याकडे पाठ केली होती.

“फोन करणाऱ्यानं गाडी मोडीत काढली नाही,” बाईंनी सुरुवात केली. “जपणाऱ्या माणसाच्या हाती दिली. तिला कसं वागवायचं तेही दोनदा सांगितलं. ज्याला ही गाडी म्हणजे चैन वाटते, तो गार इंजिनाची काळजी करेल? आणि डॉक्टरांनी स्वतःसाठी डाव टाकला असता, तर स्वतःला असल्या सूचना कशाला दिल्या असत्या? तो आवाज गाडीवर जीव असलेल्या माणसाचा होता.”

“म्हणजे माझा?” दादा हसायला गेला. “स्वतःचं स्वप्न मी स्वतः मोडेन? मी रस्त्यावर होतो, बाई.”

“वहिनी सांगतात, संध्याकाळचे सगळे विद्यार्थी धाकट्याकडे. गाडी एकच चालू. मग दिवेलागणीला तुम्ही कुठल्या गाडीत होतात?”

वहिनींचं हे वाक्य मास्तरांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, आणि त्यावरूनच धाकट्याला चोर ठरवलं होतं.

“त्या वेळी शेजारी बसलेल्यानं बाजूचं फाटक बघितलं आणि ब्रेक दाबला,” बाईंचा आवाज खाली आला. “तुम्हाला ते दिसलं नसतं, दादा. कोपराशी ठेवलेला चहा दिसला नाही. बाजूनं पुढे केलेला दोस्ताचा हात दिसला नाही. बोगदा टाळायला डोंगराला वळसा घातलात. अंधार पडायच्या आत सगळे मुक्काम. तुम्हाला फक्त समोरचं दिसतं, तेही उजेडात. नजरेच्या कडा गेल्यात.”

“काहीतरीच! रात्री जरा कमी दिसतं, एवढंच,” दादा ताडकन उठला. त्याच्या मांडीला टेबलाचा कोपरा लागला. बाईंनी त्याच्या कानाच्या बाजूला हळूच हात उचलला.

“बास!” धाकटा दारातून ओरडला. “बाई, हात जोडतो. त्याची परीक्षा घेऊ नका.”

दादा वळला, भाऊ नजरेत येईपर्यंत पूर्ण वळला.

“तुला ठाऊक होतं?”

“दादा, मी रोज तुझ्यासोबत असतो.”

“म्हणून संध्याकाळचे विद्यार्थी...”

“मग काय करणार होतो? सकाळचेही घ्यायला हवे होते. तेवढी हिंमत झाली नाही. रोज सकाळी तू गाडी काढलीस की परत येईपर्यंत माझ्या जिवात जीव नसायचा. कुणाचं मूल आडवं आलं असतं तर?” धाकट्यानं डोळे पुसले. “त्यात माझाही दोष आहे.”

“फोनचंही कळलं होतं?”

“वहिनीनं सांगितलं तेव्हाच कळलं. मी केला नव्हता, म्हणजे तूच. म्हटलं, आपणहून सांगशील. गॅरेजमध्ये पडून वाट बघत होतो. रंगारी सांगितलास तेव्हाही वाटलं, आज दादा येईल.”

दादा मटकन खाली बसला. निम्म्या गावाला धाकात ठेवणारा तो माणूस तोंड लपवायला जागा शोधत होता.

“स्वतःच्या नावानं नाही म्हणायला जीभ रेटेना,” तो म्हणाला. “कप्तान का म्हणून विचारणार, मग सगळ्यांना कळणार. तुझं नाव तोंडातून निघून गेलं. म्हटलं, इतक्या लांबून कोण विचारतंय? आणि हिनं विचारल्यावर... खरं सांगायची वेळ होती ती. मी तुझ्यावर ओरडलो. जितका जास्त ओरडलो, तितकं मागं फिरणं अवघड झालं.”

“अहो, किती बोललात तुम्ही त्यांना!” वहिनींनी पदर तोंडाला लावला. “आणि मी ऐकून घेतलं.”

“जाताना बसनं गेलो असतो,” धाकटा म्हणाला. “येताना मी चालवली असती. तू शेजारी बसला असतास.”

“आयुष्यभर शेजारीच बसलोय रे. दुसऱ्यांच्या हातात स्टिअरिंग आणि माझा पाय ब्रेकवर. एकदा, एकाच लांबच्या रस्त्यावर गाडी स्वतः चालवायची होती.”

तेवढ्यात दारात एक बाई आल्या. सकाळच्या विद्यार्थिनी, हातात नवीकोरी पर्स. “दादा, निघायचं ना?”

वहिनी पटकन म्हणाल्या, “आज ह्यांना बरं नाही...”

“बरं आहे मला,” दादा उठला. टेबलाला धरून उभा राहिला. “ताई, मी आजपासून शिकवणार नाही. मला बाजूचं दिसत नाही. बरेच दिवस दिसत नव्हतं, तरी मी तुमच्या शेजारी बसत होतो. माफ करा. आणि कप्तानाला फोन मी केला होता, ह्याच्या नावानं.”

त्या बिचाऱ्या गोंधळल्या. “कोण कप्तान?”

“दादा, त्यांना काय त्याचं,” धाकटा पुटपुटला.

“असू दे. ह्या चार भिंतींबाहेरच्या एकाला तरी सांगू दे.” मग वहिनींकडे वळून, “रंगाऱ्याला येऊ नको म्हणून कळव.”

धाकट्यानं खुंटीवरची किल्ली घेतली. दादा त्याच्याकडे दोन पावलं गेला. “जरा थांब. माझं ऐकून तरी...”

“बोलू आपण,” धाकटा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. “पण आत्ता नको. आत्ता मला तुझ्याशी बोलवत नाही, दादा.”

“बरं,” दादा म्हणाला.

गाडी आचके देत गल्लीबाहेर गेली. वहिनी आत गेल्या, त्यांच्या मागोमाग बाईही.

मास्तर मात्र जागचे हलले नाहीत. काल त्यांनी लाज नाही वाटत का म्हणून विचारलं होतं, ते अशा माणसाला की जो दुसऱ्याची लाज राखत मान खाली घालून उभा होता. चाळीस वर्षं पोरांना शिकवलेला माणूस, आणि त्याला एवढं वाचता आलं नाही.

“अहो, घरी चलताय ना?” बाई परत येऊन म्हणाल्या.

“तू हो पुढे. मला धाकट्याची माफी मागायचीय.”

बाईंनी नेहमीसारखी चेष्टा केली नाही. नुसती मान हलवली आणि गेल्या.

दादा बाहेरच्या बाकावर येऊन बसला. मास्तर त्याच्याजवळ टेकले. दोघांनाही एकमेकांकडे बघायची इच्छा नव्हती. बराच वेळ गेला. गल्लीच्या तोंडाशी गाडीचा आवाज आला की दोघेही उठून उभे राहत, ती दुसऱ्याच कुणाची निघाली की परत बसत.