टणट्याची चाबी

"घे योगेश, चाबी," अनुप मामांनी हात पुढे केला.

"द्या साहेब," म्हणत योगेशदादांनी चाबी घेतली, शर्टाच्या खिशात टाकली आणि ते बागेतल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीकडे गेले. तिथं त्यांनी पँटच्या खिशातून दुसरीच चाबी काढली आणि तिनं कुलूप उघडलं.

ओट्यावर बसलेली माधवी हे सगळं बघत होती. कालही असंच झालं होतं आणि परवाही. संध्याकाळी योगेशदादा मामांची चाबी जशीच्या तशी परत आणून देत. मग ती घ्यायची तरी कशाला? तिला हे कोणाला तरी विचारायचं होतं, पण विचारणार कोणाला? मामा सदा फोनवर, आणि मामेभाऊ सुगत मोबाइलवरच्या खेळात. वरूडजवळच्या या संत्र्याच्या बागेत एवढी झाडं होती, पण माधवीशी बोलायला कोणी नव्हतं.

माधवी पुण्याची. आईबाबांना रजा मिळाली नाही, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत तिला एकटीलाच आजोळी धाडलं होतं. आणि नेमकं तेव्हाच आबांच्या, म्हणजे देवमन आजोबांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. ते अमरावतीच्या दवाखान्यात होते. बागेकडे बघायला अनुप मामा सुगतला घेऊन अकोल्याहून आले होते. 'बघायला' म्हणजे ओट्यावर खुर्ची टाकून जठारपेठेतलं आपलं दुकान फोनवरून चालवायला.

राहिली सुंदराआजी. मागच्या खेपेला, तीन वर्षांपूर्वी, ती माधवीला हाताला धरून सगळ्या बागेतून हिंडवायची. कुठल्या झाडाचं संत्रं गोड, कुठलं आंबट, सगळं तिला पाठ. या खेपेला मात्र ती स्वयंपाकघराबाहेर पडतच नव्हती. पाय दुखतात म्हणायची. चहा ओतताना कपात बोट धरायची. कोणी हाक मारली की भलत्याच बाजूला मान वळवायची. माधवीला तिच्याजवळ बसावंसं वाटे, पण आजी गप्प झाली की काय बोलावं ते सुचत नसे. त्या घरात प्रत्येक जण आपापला एकटा होता.

त्या दुपारी कुंपणाची काटी सारून शेजारच्या मळ्यातली प्राजक्ता आली.

"तुमचा टणट्या बिमार हाय का वं?" तिनं विचारलं.

"कोण टणट्या?"

"घ्या! ह्याच बागेत राह्यते अन् टणट्या माईत नाई!" प्राजक्ता तिला ओढतच कडुलिंबाखाली घेऊन गेली. तिथं एक जुनी सायकल जमिनीत पक्की रोवलेली होती. तिच्या मागच्या चाकापासून दोर निघून फांदीवरच्या कप्पीतून खाली आला होता आणि दगडांनी भरलेली एक गोणी त्याला बांधलेली होती. गोणी जमिनीवर लोळत होती. बाजूला पत्र्याची एक पंखी, एक हातोडा आणि टांगलेला लोखंडी तुकडा.

"पायडल मारलं का गोनी वर जाते," प्राजक्ता समजावू लागली. "मंग ती हयूहयू खाली येते अन् चाक फिरवते. पंखी हवा कापते, म्हनून गोनी धाडकन पडत नाई. चाक फिरलं का हातोडा वाजते, टण. आबा दोन वर्सांपासून वाजवते. पोपट पयतात ना, आमच्याबी मळ्यातले. आता लय दिवस झाले, आवाज नाई अन् आजीबी बागेत दिसत नाई."

"म्हणजे आबांच्या पायातली ताकद गोणीत भरून ठेवायची!" माधवीला ते फार आवडलं. ती धावत मामांकडे गेली.

"ते भंगार? बंद पडलं असेल," मामा फोनवरून नजर न काढता म्हणाले. "तसंही आता इथं कोण राहणार आहे? उद्या मी आईला अकोल्याला नेतोय. पाहिलंस ना, परवा उंबऱ्यात अडखळून पडली. घराला कुलूप लावायचं."

आजी आतून नुसतं "बरं" म्हणाली. माधवी आत गेली तेव्हा आजी चुलीशी बसून पदरानं डोळे पुसत होती.

"चौथ्या मजल्यावर मी काय करू माय?" ती म्हणाली. "इथली झाडं तरी माह्या हाताले वयखतात."

माधवीला आजीला जाऊ द्यायचं नव्हतं, पण बारा वर्षांच्या मुलीचं ऐकतो कोण?

उरल्या दिवसात करण्यासारखं काही नव्हतं. मोबाइलची बॅटरी संपल्यामुळे सुगतही माणसांत आला होता. मग दोघांनी निदान त्या दोन चाब्यांचा छडा लावायचा ठरवला आणि योगेशदादांना गाठलं.

"मलेही समजून नाई राह्यलं," योगेशदादा डोकं खाजवत म्हणाले. "माह्याजवळ माही चाबी हाये. पण साहेब म्हनतात, आबाचा हुकूम हाय, रोज सकायी चाबी देजो, खंड नको पाडू. म्हनून मी घेतो. मोठ्या मानसाले नाई कसं म्हनू?"

"बाबाचं खरं आहे," सुगत म्हणाला. "आबांनी जाताना गाडीतूनसुद्धा ओरडून सांगितलं, 'अनुप, चाबी द्याले भुलू नको.' मी होतो ना."

"चाबी दे, चाबी दे," माधवी पुटपुटत राहिली. "आम्ही चाबी म्हणतच नाही. किल्ली म्हणतो. माझ्याकडे एक पत्र्याचं माकड आहे, त्याला किल्ली दिली की ते..."

ती बोलता बोलता थांबली.

"सुगत, आबांना चाबी माणसाला द्यायची नव्हती. टणट्याला द्यायची होती, पायडल मारून!"

एवढ्यात घरातून मामांची हाक आली. "आई! कुठं आहेस? माधवी, आजी तुझ्याबरोबर आहे का?"

आजी नव्हती. स्वयंपाकघर रिकामं, मागचं दार उघडं. बागेचा निरोप घ्यायला ती एकटीच निघून गेली होती. दिवस कलला होता. सगळ्या ओळी सारख्या दिसत होत्या आणि शेवटच्या ओळीपलीकडे बिनकठड्याची विहीर होती.

मामा एकीकडे धावले, योगेशदादा दुसरीकडे. "आई, ए आई!", "आजी वो!" हाका चारी बाजूंनी उठू लागल्या. सुगतही पळणार होता, पण माधवीनं त्याचा सदरा धरला.

"तिला दिसत नाही रे," ती म्हणाली. स्वतःच्या तोंडून ते ऐकल्यावरच तिला ते पुरतं कळलं. कपातलं बोट, भलतीकडे वळलेली मान. "टणट्या वाजायचा तोवर ती बागेत हिंडत होती. चल, सायकलवर बस."

सुगतनं पाय मारायला सुरुवात केली. आरडाओरडा ऐकून प्राजक्ताही आली होती. दोघी दोर ओढू लागल्या. गोणी इंचाइंचानं वर चढली. सुगतचे पाय भरून आले तशी माधवी बसली. पोटऱ्या पेटल्या, पण गोणी फांदीला टेकेपर्यंत तिनं पाय थांबवले नाहीत. मग पायडल सोडलं. पंखी भिरभिरली आणि चाक सावकाश फिरू लागलं.

टण.

पण मामांच्या हाकांत तो आवाज बुडून गेला. माधवी ओळींतून धावत त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"मामा, गप्प बसा."

"काय?"

"ओरडू नका. योगेशदादा, तुम्हीही. मुळीच नका."

आयुष्यात पहिल्यांदाच मामांनी लहान मुलीचं ऐकलं असावं. बाग शांत झाली. टण. बराच वेळ काही हललं नाही. टण. मग विहिरीच्या अंगाकडून पानं सळसळली आणि आजी दिसली. ती अडखळत नव्हती, चाचपडत नव्हती. आवाजाचा माग धरून ती नीट चालत येत होती. मामांच्या हाताच्या अंतरावरून ती पुढे गेली. ते तिच्याकडे बघत उभे होते, पण तिनं मान वळवली नाही.

"माझ्याजवळून गेली आणि तिला मी दिसलो नाही," मामा म्हणाले आणि मुलांसमोर रडले.

संध्याकाळी फोनवर आबांनी सगळं ऐकून घेतलं. "अरे, टणट्याले चाबी दे म्हटलं होतं तुले! योगेशले देऊन काय तो वाजनार होता?" ते हसले आणि मग हळूच म्हणाले, "तुह्या मायनं शपथ घातली होती रे. डोये गेल्याचं सांगू नको, नाई तर पोरं घेऊन जातीन. माधवी, सुगत, अन् ते शेजारची पोरगी, शाबास! माह्यापेक्षा हुशार निंगाले तुमी."

मामांनी अकोल्याची गोष्ट पुन्हा काढली नाही. आबा घरी येईपर्यंत तेच सायकल मारणार होते आणि सोमवारी आजीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे अमरावतीला नेणार होते. योगेशदादांनी मुलांना टोपलीभर संत्री आणून दिली.

रात्री आजीनं माधवीला जवळ घेतलं आणि दोन्ही हातांनी तिचा चेहरा चाचपला.

"इहिरीपाशी उभी होती मी," आजी म्हणाली. "इकून हाक, तिकून हाक. कोनाकडे जाऊ? मले शोधाले सारेच पयत होते माय. तू एका जागी थांबून मले बलावलं."

माधवी आजीला तशीच बिलगून राहिली.