नाडीचं घड्याळ

लाईट गेली म्हणून सगळे माळवदावर येऊन बसले होते. लेकीसुना, पुतणे, मध्ये आबाराव. धाकटी सून म्हणाली, "मामा, भुताची सांगा की एखादी."

आबारावांनी मांडी बदलली. मग म्हणाले, "भुताची न्हाय. आमच्या दाजींची सांगतो. खरी हाय. हसायचं न्हाय कुणी."

दाजी म्हणजे बब्रुवान, दूध सोसायटीचे चेअरमन. छातीत कळ येऊन ते सोलापूरला दवाखान्यात पडले, तेव्हा त्यांच्या मालकिणीनं, म्हणजे आबारावांच्या थोरल्या बहिणीनं, गौराबाईनं, तुळजापूरच्या आईला नवस बोलला. धनी उठून चालू देत, आमच्या विहिरीचं पाणी तुझ्या अभिषेकाला पायी घेऊन येतील, वाटेत घागर भुईला टेकवणार नाहीत. आईनं ऐकलं. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, पण नाडी बघून. वजन मात्र उचलायचं नाही.

नाडीचं घड्याळ गावातल्याच आयुबनं दुबईहून आणलं. दोन तऱ्हेची होती. एकाचा पट्टा छातीला बांधायचा. "चालायला ह्येच चांगलं, चेअरमनसाब. सारखा आकडा दावतंय." दुसरं नुसतं मनगटावरचं. थांबायचं, चकतीवर बोट ठेवायचं, मग आकडा उमटायचा. "बोट न्हाय तर आकडा न्हाय. आकडा चढला की बसायचं, उतरला की उठायचं."

"सदऱ्याखालचा पट्टा कुणाला दिसणार? मनगटावरचं दे," बब्रुवान म्हणाले. सोसायटीच्या बैठकीत चार लोकांनी बघायला नको?

सत्त्याऐंशीचा वैशाख होता, दुष्काळातला. शुद्ध त्रयोदशी, सोमवारची रात्र. पाणी तळाला गेलेल्या विहिरीतून घागर भरली. मंगळवारी पहाटे देवीपुढं उभं राहायचं म्हणून जेवणं उरकून दोघं वाडीतून निघाले. नवस बब्रुवानचा आणि घागर त्यांच्या गड्याच्या, कोंडिबाच्या खांद्यावर.

चांदणं टिपूर पडलं होतं. थोडं चाललं की बब्रुवान थांबत, चकतीवर बोट ठेवत, आकडा चढलेला दिसला की दगडावर टेकत. उतरला की उठत. कोंडिबा तेवढा वेळ घागर घेऊन उभाच. घागर खाली ठेवायची नव्हती ना.

"मालक, घटकाभर घागर धरता का? टेकतो जरा."

"मला वजन मना हाय न्हवं?"

"मग माझा बी आकडा बघा की एकडाव."

"बैलाला कुठं घड्याळ असतंय व्हय रं?"

कोंडिबा हसला. मालकानं थट्टा केली म्हणून हसला.

माळावरच्या चढाला मागची पावलं थांबली. बब्रुवाननं वळून बघितलं. कोंडिबा उताणा पडला होता. घागर छातीवर, दोन्ही हातांनी धरलेली. भुईला टेकू दिली नव्हती.

बब्रुवाननं आधी घागर उचलली.

मग कोंडिबाचं बोट चकतीवर ठेवलं. आकडा आला नाही.

पाणी त्यांनीच पुढं देवीला पोचवलं. चौथ्या दिवशी बब्रुवान कोंडिबाच्या घरी गेले. त्याची बायको सरुबाई दारातच बसली होती. तिनं एवढंच विचारलं, "मालक, वाटंत त्यांना जरा बसवलं हुतं न्हवं?"

"व्हय तर," बब्रुवान म्हणाले. "बसवलं हुतं की."

त्या दिवसापासून त्यांनी त्या गल्लीनं जाणं सोडलं. सोसायटीत सरुबाई दूध घालायला आली की हे मागच्या खोलीत जायचे. भाकरी पुढ्यात घेऊन बसायचे आणि तशीच सारायचे. शेवटी गौराबाईच म्हणाली, "अहो, आपला नवस फिटला न्हाय. पाणी निम्मी वाट दुसऱ्याच्या खांद्यावरनं गेलं. आई रागं भरत न्हाय, वाट बघती. तुम्ही निघा नुसतं."

पुढच्या वैशाखात, तशाच चांदण्या सोमवारी, ते एकटेच निघाले. घागर स्वतःच्या खांद्यावर. मनगटावर घड्याळ.

माळावरचा चढ आला. दम लागला. छाती धडधडायला लागली. बसावं, तर घागर कुठं ठेवायची? दोन्ही हात घागरीला. घड्याळ बघायलाही हात मोकळा नाही.

मागं पावलं वाजली.

ते थांबले. पावलंही थांबली.

वारा नव्हता. किडासुद्धा बोलत नव्हता.

आणि खांद्यावरची घागर हलकी झाली. कुणीतरी मागून उचलून धरावी, तशी.

"धरतो म्या, मालक… तुम्ही बसा."

बब्रुवानची मागं बघायची छाती नव्हती. बघायचं तरी कुठल्या तोंडानं?

"न्हाय रं…" ते कसंबसं म्हणाले. "तू बस. कोंडिबा… तू बस."

काही नाही…

मग घागरीचं ओझं परत खांद्यावर आलं. सावकाश. आणि मागं, अगदी जवळ, कुणीतरी भुईवर टेकलं. लांब श्वास सोडला.

मनगटावर उजेड लागला. दोन्ही हात घागरीला होते. चकतीवर कुणाचंच बोट नव्हतं.

आकडा उमटला होता.

देवीला पाणी घालून ते थेट सरुबाईच्या दारात येऊन उभे राहिले. मान वर होत नव्हती. "खोटं बोललो, बाई. त्याला बसवलं न्हवतं म्या." रात्रीचंही सगळं सांगितलं.

सरुबाईनं उंबऱ्यावरनं हात फिरवला. मग म्हणाली, "आता… बसले का त्ये?"

आबाराव इथं थांबले.

"आन् घड्याळ, मामा?" धाकट्या सुनेनं हळूच विचारलं.

"गौराक्काच्या देव्हाऱ्यात असतंय. आयुबनं त्यातला सेल काढून नेला, त्याला वर्ष झालं. काल सांजच्याला ती दिवा लावत हुती, तवा म्या वाकून बघितलं…"

"मग?"

"आकडा हाय," आबाराव म्हणाले. "बसल्या माणसाचा."