काचेजवळची चावी

विमानाच्या पंख्याचं पातं मास्तरांच्या डोक्यात डाव्या बाजूने बसलं होतं आणि डोक्याचा तेवढा भाग आता जागेवर नव्हता. उजवा हात कोपरापासून तुटून चाकापाशी पडला होता. फौजदारबाईंनी वीस वर्षांच्या नोकरीत कुऱ्हाडीचे घाव पाहिले होते, ट्रकखाली आलेली माणसं पाहिली होती. तरी त्या दोन पावलं मागे सरल्या आणि हवालदाराला म्हणाल्या, "चादर आणा. मोठी."

सकाळचे सात वाजून गेले होते. फोन फ्लाइंग क्लबच्या सेक्रेटरींनी केला होता. क्लब म्हणजे एक लांबलचक धावपट्टी, पत्र्याचं हँगर, त्यात चार छोटी विमानं आणि पार दुसऱ्या टोकाला ऑफिस. गेलेला माणूस तिथला मुख्य प्रशिक्षक. अठ्ठावीस वर्षं लोकांना उडायला शिकवत होता, म्हणून सगळा क्लब त्याला मास्तर म्हणे.

फौजदारबाई जन्मात विमानात बसल्या नव्हत्या. माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढायचं तरी त्या नवऱ्याला हाक मारत. आपल्याला इथलं ओ की ठो कळत नाही हे त्यांनी आल्या आल्या कबूल केलं आणि ज्याला त्याला पहिलीतल्या पोरासारखे प्रश्न विचारायला लागल्या. असं केलं की माणसं मोकळी बोलतात, हा त्यांचा अनुभव होता.

सेक्रेटरी घामाने निथळत होते. त्यांनी सांगितलं ते असं. मास्तर रोज साडेसहाला येत आणि पहिल्या उड्डाणाआधी हँगरमध्येच पंखा हाताने चार वेळा फिरवून बघत. इंजिनाची नाडी हाताला कळते, असं त्यांचं म्हणणं. आज पंखा फिरवला आणि इंजिन एकदम लागलं. सेक्रेटरींनी ऑफिसातून धडधड ऐकली, किंकाळी ऐकली. गुडघ्याच्या दुखण्यामुळे त्यांना पोचायला सहा-सात मिनिटं लागली. तोवर इंजिन आपोआप थांबलं होतं आणि मामा मास्तरांना मांडीवर घेऊन रक्तात बसला होता.

मामा म्हणजे क्लबचा मेकॅनिक. मास्तरांच्या बायकोचा सख्खा भाऊ.

"बंद इंजिन लागलं कसं?" फौजदारबाईंनी विचारलं.

सेक्रेटरींनी नुसतं कॉकपिटकडे बोट दाखवलं. चावी स्विचमध्ये होती आणि स्विच चालू होता.

"काल शेवटचं कोण उडालं होतं यात?"

"त्यांचीच मुलगी," सेक्रेटरी म्हणाले आणि दुसरीकडे बघायला लागले.

फौजदारबाई पंखावर पाय देऊन कशाबशा आत डोकावल्या. मास्तरांच्या हातातला लोखंडी टॉर्च उडून समोरच्या काचेला भगदाड पडलं होतं. त्यातून रक्ताचा सडा आत आला होता. काचेखालच्या फळीवर मोहरीएवढे थेंब होते. फळीच्या आडोशाला, जिथे घड्याळं आणि स्विच होता, तिथे एकही थेंब नव्हता. चावीला पंजाएवढी पांढरी पाटी बांधली होती. तिच्या एका अंगावर तसेच बारीक थेंब होते, दुसरं अंग स्वच्छ होतं. त्यांनी चावी काढून कागदात गुंडाळली.

मुलगी एकोणीस वर्षांची. क्लबात तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. आज ती पाण्याच्या पिंपाला टेकून दगडासारखी बसली होती. सात वाजता उडायला म्हणून आली होती आणि समोर हे.

"विमान बंद केल्यावर तुम्ही काय करता?" फौजदारबाईंनी विचारलं.

"चावी काढून काचेजवळ फळीवर ठेवतो. पाटी समोरून दिसेल अशी. बाबांचा नियम आहे. पाटी दिसली तरच पंख्याला हात लावायचा."

"काल ठेवली होती?"

"ठेवली असणार."

"असणार म्हणजे?"

"रोज ठेवते ना मी. तुम्ही घराला कुलूप लावता, ते आठवतं तुम्हाला?" तिचा आवाज चिरकला. "सकाळपासून आठवायचा प्रयत्न करतेय. हात दिसतो, चावी दिसते. पण तो कालचा हात की परवाचा, ते कळत नाही. मीच मारलं का त्यांना, मॅडम?"

एवढं उत्तर मिळालं नाही तर ही पोर आयुष्यात पुन्हा सरळ उभी राहणार नाही, हे फौजदारबाईंना दिसत होतं. त्यांनी दुसरंच विचारलं. चावी बंद केली की नेमकं काय होतं?

मुलीने डोळे पुसून सांगितलं. या जुन्या इंजिनात ठिणगी देणारा मॅग्नेटो असतो. त्याला बॅटरी लागत नाही, पंखा फिरला की तो ठिणगी देतो. त्याची एक बारीक तार स्विचकडे जाते. चावी बंद केली की त्या तारेतून तो गप्प बसतो; तार सुटली तर चावी बंद असूनही ठिणगी पडते. ही तार धड आहे ना, ते उतरल्यावर इंजिन मंद चालवून क्षणभर चावी बंद करून बघतात. काल तिने बघितलं होतं आणि विमानाच्या नोंदवहीत तसं लिहिलं होतं. वहीत होतंही तसं, वेळेसकट आणि सहीसकट.

तेवढ्यात तिची आई आली. कोणी तरी बातमी सांगताना चावीचीही गोष्ट सांगितली असावी. बाईने चादर वर उचलली, खाली टाकली, तशीच वळली आणि मुलीच्या मुस्काटात मारली. एकदा नव्हे, तीनदा. मुलीचा ओठ फुटून रक्त हनुवटीवर आलं तरी तिने हात आडवा धरला नाही.

"खाल्लंस बापाला," आई म्हणाली. "तोंड दाखवू नकोस मला."

मामाच मध्ये पडला. त्याने बहिणीला धरून बाकावर बसवलं, भाचीला रुमाल दिला. त्याचा शर्ट छातीपासून गुडघ्यापर्यंत वाळलेल्या रक्ताने कडक झाला होता.

फौजदारबाई सेक्रेटरींना घेऊन ऑफिसात गेल्या आणि दार लावलं. काल संध्याकाळी याच खोलीत मास्तर आणि सेक्रेटरी कडाडून भांडले होते, हे पहारेकऱ्याने हवालदाराला एव्हाना सांगितलं होतं.

"कशावरून भांडलात?"

सेक्रेटरींची पाचावर धारण बसली. मग भडाभडा बोलले. गेल्या वर्षी क्लबचं एक विमान पडून शिकाऊ मुलगा जळून मेला होता. चौकशीत मुलाची चूक ठरली. आता मास्तर ते प्रकरण उकरून काढणार होते. आज दहा वाजता चौकशीवाल्यांकडे जाऊन लेखी देणार होते. कशाच्या जोरावर, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. क्लबला टाळं लागेल म्हणून सेक्रेटरी गयावया करत होते.

"हे आणखी कोणाला माहीत होतं?"

"मी मामाला सांगितलं. म्हटलं, मेहुणा आहे, समजूत काढेल."

परत आल्यावर फौजदारबाईंनी मामाला इंजिनाचं झाकण उघडायला लावलं. मामा पन्नाशीचा, मऊ बोलणारा माणूस. धडधड ऐकली तेव्हा तो मागच्या शेडमध्ये होता म्हणाला. धावत आलो, तोवर सगळं संपलं होतं.

"पोरीला फार ताणू नका, बाई," तो हळूच म्हणाला. "विसरली असेल. मांडीवर खेळवलंय तिला मी. या वयात डोकं कुठे ठिकाणावर असतं?"

"हे लाल ठिपके कसले हो, प्रत्येक नटावर?"

"रंगाचे. नट आवळला की अर्धा नटावर, अर्धा बाजूला असा ठिपका द्यायचा. नट हलला तर ठिपका तुटतो, लगेच कळतं. तीस वर्षांची सवय. आवळला की हात आपसूक डबीकडे जातो."

"या इंजिनाला शेवटचा हात कधी लावला होता?"

"दोन महिन्यांपूर्वी. वहीत आहे की."

फौजदारबाईंनी वाकून हात घालत आत सगळीकडे चाचपलं. बोट लाल झालं. इकडे तिकडे रक्तच रक्त होतं, त्यांनी बोट रुमालाला पुसलं. सकाळपासून त्या रुमालाने पुसापुशीच चालली होती.

साडेनऊला त्यांनी चहा मागवला, तो प्यायल्या नाहीत. खुर्चीत बसून रुमालाकडे बघत राहिल्या, मग उठून इंजिनातला एकेक ठिपका पुन्हा बघून आल्या. नंतर मामाच्या सामानाच्या कपाटाला सील ठोकायला आणि ऑफिसातला मास्तरांचा खण तपासायला हवालदार गेला, अर्ध्या तासाने परत आला आणि त्यांच्या कानात काही बोलला. त्यांनी सगळ्यांना विमानापाशी बोलावलं.

"मला विमानातलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "पण माणसातलं थोडं कळतं. मास्तर कसे होते? पाटी दिसल्याशिवाय पंख्याला हात लावायचे का कधी?"

"कधीच नाही," सेक्रेटरी म्हणाले. "एकदा माझ्या अंगावर खेकसले होते त्यावरून."

"मग आज का लावला? चावी स्विचमध्ये होती, तर पाटी काचेजवळ नव्हती. अठ्ठावीस वर्षांत ज्याने चूक केली नाही तो आजच आंधळा झाला? नाही. त्यांना पाटी दिसली, म्हणून हात लावला. आणि ती तिथे होती याला साक्षीदार आहे." त्यांनी कागद उलगडला. "स्विच फळीच्या आडोशाला आहे. तिथे रक्ताचा एक थेंब उडालेला नाही. पण या पाटीवर एका अंगाने थेंब आहेत, थेट फळीवर आहेत तसे. म्हणजे मास्तरांना फटका बसला तेव्हा ही चावी काचेजवळ पडलेली होती. स्विचमध्ये ती नंतर गेली. मेलेला माणूस काही ती लावायला उठला नाही."

मुलीने मान वर केली.

"चावी बाहेर, तरी इंजिन लागलं. कसं? तार सुटलेली असेल तर. काल संध्याकाळी तार धड होती, वहीत लिहिलंय. म्हणजे त्यानंतर कोणी तरी ती सोडली, इंजिनात थोडं इंधन सोडून ठेवलं आणि मास्तर नाडी बघायला यायची वाट बघितली. काम झाल्यावर चावी स्विचमध्ये खोचली आणि तार परत जोडली, म्हणजे दोष आयता मुलीच्या गळ्यात. सेक्रेटरींना यायला सहा-सात मिनिटं लागली. एक नट आवळायला किती लागतात, मामा?"

मामा हसला. "बाई, नट कोणीही आवळेल."

"आवळेल. पण आवळल्यावर ठिपका कोण देईल?" त्यांनी रुमाल पसरला. "हे सकाळचं रक्त. सगळं तपकिरी पडलंय. हा एक डाग अजून लालभडक आहे आणि त्याला रंगाचा वास येतोय. तो त्या तारेच्या नटावरून माझ्या बोटाला लागला. बाकीचे ठिपके धुळीने काळवंडलेत, हा एकच ओला. दोन महिने ज्याला हात लावला नाही म्हणता, त्याचा! तुम्ही माणूस मारलात, भाचीला अडकवलंत, सगळं विचार करून केलंत. ठिपका तेवढा विचार न करता दिलात. हात आपसूक डबीकडे गेला."

फौजदारबाई पुढे बोलल्या. ऑफिसातल्या मास्तरांच्या खणात हवालदाराला एक जळकी नळी सापडली होती, पडलेल्या विमानाची, इंधनाची. सोबत मास्तरांच्या हातची चिठ्ठी होती. तिच्यात सगळं होतं: त्या विमानाच्या वहीत मामाची सही होती की नळी नवी घातली. नळी जुनीच होती, कुजलेली. तिच्यामुळे एक पोरगा जळाला आणि दोष त्याच्याच नावावर चढला. दहा वाजता मास्तर हेच लेखी देणार होते.

"एकदा शिकाऊ पोरावर ढकललं ते पचलं," फौजदारबाई म्हणाल्या. "म्हणून दुसऱ्यांदाही तेच केलंत."

मामाने वाकून चाकाखालचा लाकडी ठोकळा उचलला तो इतक्या शांतपणे की तो काय करतोय ते क्षणभर कोणाला कळलं नाही. पहिला घाव फौजदारबाईंनी हातावर घेतला आणि हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दुसरा सेक्रेटरींच्या जबड्यावर बसला, दोन दात फरशीवर पडले. तिसरा भाचीच्या दिशेने उठला होता. तेवढ्यात हवालदाराने आपलं शंभर किलोचं धूड त्याच्या अंगावर टाकलं. मामाचं तोंड फरशीवर आपटून नाकाचा चेंदामेंदा झाला. हवालदार त्याच्या पाठीवर बसून राहिला आणि पहारेकऱ्याला बेड्या आणायला सांगू लागला.

"ताई," मामा रक्त थुंकत म्हणाला, "पोरीला काही झालं नसतं गं. फार तर उडणं सुटलं असतं तिचं."

बहिणीने त्याच्याकडे पाठ फिरवली. ती हवालदाराला म्हणाली, "याला इथून न्या. नाही तर मी याचा जीव घेईन."

त्याला फरफटत नेलं. फौजदारबाई मोडका हात पोटाशी धरून मुलीजवळ गेल्या. त्यांना वाटलं होतं, आता पोर मोकळी रडेल. मुलगी रडली नाही.

"चावी मीच ठेवली होती तर," ती म्हणाली. "बाबांनी ती बघितली म्हणून हात लावला. मी विसरले असते तर ते वाचले असते."

वीस वर्षांत फौजदारबाईंना असं कोणी काही म्हटलं नव्हतं. त्यांना स्वतःचाच राग आला.

उत्तर आईने दिलं. ती मुलीसमोर येऊन उभी राहिली, तिच्या फुटलेल्या ओठाकडे तिला बघवत नव्हतं.

"तू विसरत नाहीस, हे त्यांना माहीत होतं," ती म्हणाली. "मलाच माहीत नव्हतं."

मुलगी तिच्या गळ्यात पडली. दोघी एकमेकींना धरून होत्या. शेवटी आई म्हणाली, "चल. बाबांना घरी न्यायचंय," आणि दोघी चादरीपाशी जाऊन बसल्या.