न म्हटलेलं आमेन

मार्लिसने शेजारच्या तरुणाकडे पेपरमिंटची गोळी सरकवली, आणि त्याने ती प्रभुभोजनाचा प्रसाद समजून घेतली.

चूक तशी त्याची नव्हती. आयोवाच्या त्या कोपऱ्यात, डच घराण्यांच्या चर्चमध्ये, पाळकाने उपदेशासाठी घसा खाकरला की आज्यांच्या पर्स उघडतात आणि बाकावरून पांढऱ्या गोळ्या हातोहात पुढे जातात. कुणी बोलत नाही, कुणी बघत नाही. गोळी गालात ठेवायची आणि ती विरघळेपर्यंत तरी जागं राहायचं, एवढाच त्यामागचा धर्म. पण हा चुरगळलेल्या कोटातला उंच माणूस कॅन्ससहून आला होता. त्याने दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली, गोळी घेतली, डोळे मिटले, आणि मान इतकी खाली घातली की पुढच्या बाकावरच्या बाईंना मानेवर त्याचा श्वास लागला असावा. त्या दचकून सरळ बसल्या.

हसू दाबायला मार्लिसने हातमोजा दातांत धरला. त्याने डोळे उघडले तेव्हा ते चक्क ओले होते.

"तुमच्याकडे... पुदिन्याचं असतं?" तो कुजबुजला.

"रविवारी," मार्लिस म्हणाली. "नाताळात दालचिनीचं."

त्याने गंभीरपणे मान हलवली. त्याला ते पटलं.

चर्च सुटल्यावर बर्फाळलेल्या पायऱ्यांवर तिने खरं काय ते सांगितलं. तो रागावला नाही, लाजलाही नाही. त्याने फक्त विचारलं, "अजून एक आहे?"

त्याचं नाव एमेट. आणि दोघं एकाच कामासाठी गावात आली होती. तिथल्या लहानशा ख्रिस्ती कॉलेजात सर्जनशील लेखनाची पदव्युत्तर पदवी मिळायची. जानेवारीच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत आणि जुलैच्या उकाड्यात सगळ्यांनी येऊन राहायचं, एरवी आपापल्या घरी बसून लिहायचं आणि एकमेकांना पानं पाठवायची. पदवी मिळाल्यावर तिचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यासाठी प्रार्थना चालू होती.

मार्लिस कविता लिहायची, डुकरांवर. वडिलांचं त्याच भागात वराहपालन होतं, आणि ज्यावर आपला जीव आहे त्याच्यावर लिहावं असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. एमेटची कादंबरी चर्चच्या तळघरातला बॉयलर सांगत होता. वर लोक देवाच्या प्रेमाची गाणी म्हणतात आणि कुडकुडतात. इमारतीला खरी ऊब देणारा एकटा बॉयलर, पण त्याला वर कुणी बोलवत नाही. वर्गात एक निवृत्त पोलीसही होते, कर्टिस. त्यांच्या रहस्यकथेतला गुप्तहेर देवदूत असल्यामुळे खुनी कोण ते त्याला पहिल्याच पानावर माहीत असे, आणि उरलेलं पुस्तकभर तो नम्रपणे गप्प बसे.

वर्गाची एक रीत होती. ज्याच्या लेखनावर बोलायचं, त्याच्यासाठी शेजारच्याने आधी मोठ्याने प्रार्थना करायची. सगळ्यांचे डोळे मिटलेले. शेवटचं 'आमेन' मात्र ज्याच्यासाठी प्रार्थना झाली त्याने म्हणायचं, आणि ते ऐकू आल्याशिवाय कुणी डोळे उघडायचे नाहीत. व्यवस्था पवित्र होती, पण माणसं लेखक होती. कर्टिस हात जोडून म्हणायचे, "हे प्रभू, मार्लिसच्या तिसऱ्या कडव्याला तूच हात लाव. आमच्याने तर काही होत नाही." तोंडावर जे बोलायची छाती नसे, ते देवाला ऐकवलं जाई. शेजारी बसलेल्या माणसाला ते ऐकू येतं, हा देवाचा आणि त्याचा प्रश्न.

एमेटची प्रार्थना करायची पाळी आली तेव्हा तो बोललाच नाही.

हीटरची टिकटिक ऐकू येत राहिली. कुणीतरी खोकलं. बऱ्याच वेळाने कर्टिसनी, कारण प्रार्थना त्यांच्यासाठी होती, आमेन म्हटलं आणि रुमाल काढला. वर्ग घेणाऱ्या वयस्कर डॉक्टर व्हेरहेग म्हणाल्या की शब्दांच्या पलीकडची अशी प्रार्थना त्यांनी फार वर्षांत ऐकली नव्हती. दुसऱ्या दिवशी आणखी दोघांनी मौन पाळलं. आठवडा संपता संपता वर्गात इतकी शांतता नांदायला लागली की खोली रिकामी समजून शिपायाने बाहेरून कुलूप घातलं. जेवणाच्या वेळेपर्यंत सगळे आत अडकून होते. कुणी दार वाजवलं नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसरा अजून प्रार्थनेत आहे.

त्या कोंडलेल्या तासात मार्लिसने एक डोळा उघडला. समोर एमेटचाही एक उघडा होता. दोघं बराच वेळ अर्ध्या-अर्ध्या नजरेने एकमेकांकडे बघत राहिली... आणि तिथूनच सगळं बिघडलं.

मग पानं जाऊ-येऊ लागली. ती डुकरं पाठवायची, तो बॉयलर पाठवायचा. त्याच्या समासातल्या नोंदी कवितेवर सुरू व्हायच्या आणि तिच्यावर संपायच्या. एकदा त्याने लिहिलं की या ओळीतली डुकरीण ज्या नजरेने फाटकाकडे बघते, तसं कुणी माझ्याकडे बघितलं तर मी फाटक व्हायला तयार आहे. मार्लिसने ते पान घडी करून पिठाच्या डब्यामागे ठेवलं. वडिलांना ते सापडलं. त्यांनी वाचून परत ठेवलं आणि जेवताना एवढंच विचारलं, की हा मुलगा चर्चला जातो ना?

"जातो," मार्लिस म्हणाली. खोटं नव्हतं.

जुलैमध्ये ती दोघं मक्याच्या शेताकडेच्या रस्त्याने चालायची. मका डोक्याच्या वर गेलेला, हवा अंगाला चिकटणारी, हातात लोण्याने माखलेली कणसं. चालता चालता त्याच्या कोपराचा स्पर्श तिच्या कोपराला व्हायचा आणि दोघंही रस्ता अरुंद असल्यासारखी वागायची. रस्त्यावरून दोन ट्रॅक्टर शेजारी-शेजारी गेले असते.

"एक सांगू?" एमेट म्हणाला. "पण त्यावर प्रार्थना नाही करायची."

"आधी सांग तर."

"मी वर्गात गप्प बसतो ना... ते काही खोल वगैरे नाही गं. पलीकडे कुणी आहे असं मला वाटतच नाही. पूर्वी वाटायचं. आता नाही."

मार्लिसने कणीस खाली केलं. "कोण गेलं तुझं?"

"कुणी नाही. सगळे ठणठणीत आहेत. आजी तर बॉलिंगला जाते." तो ओशाळला. "सगळे हेच विचारतात. मलाच वाईट वाटतं, त्यांना द्यायला माझ्याकडे एकही मेलेला माणूस नसतो."

मग त्याने सांगितलं. तो तिकडे कॅन्ससला चर्चमध्ये तरुण मुलांचा पाळक होता. एका मंगळवारी शिबिराच्या गाण्यांच्या झेरॉक्स काढत होता. वीज गेल्यावर फ्रिजची घरघर थांबते आणि तेव्हाच कळतं की इतका वेळ ती चालू होती, तसं काहीतरी आत थांबलं. त्याने झेरॉक्स पुऱ्या केल्या. मुलांनी गाणी म्हटली.

"मग इथे कशाला आलास?"

"परत येतंय का बघायला." तो कणसाचे दाणे एकेक करून काढत होता, खात नव्हता. "आणि पहिल्याच दिवशी आलं होतं, मार्लिस. खरंच. छातीत असं गार गार काहीतरी... वाटलं, बरा झालो आपण. मग पायऱ्यांवर तू सांगितलंस की ती पेपरमिंट होती."

ती हसली. तोही हसला. हसू ओसरलं तसं तिच्या लक्षात आलं की यात विनोद कुठेच नव्हता.

मार्लिसला हा प्रश्न काय आहे हे कुणी समजवायची गरज नव्हती. तिच्या विल्मा आत्याने असंच एका न मानणाऱ्याशी लग्न केलं होतं. चांगला माणूस. दर रविवारी आत्याला चर्चच्या दारात सोडायचा आणि पिकअपमध्ये बेसबॉलची कॉमेंट्री ऐकत बसायचा. आत्या आयुष्यभर बाकावर एकटी बसली, कडेला एक जागा सोडून. ती म्हणायची, आमचं भांडण कधी झालं नाही गं, पण मी सगळ्यात जास्त जिथे असते ना, तिथे तो कधी आलाच नाही. मार्लिसला लहानपणापासून होणाऱ्या नवऱ्याचं तोंड, उंची, शेती काहीच दिसत नसे. जेवणाच्या टेबलापाशी शेजारी प्रार्थनेला झुकलेलं एक डोकं तेवढं दिसे.

आता ते डोकं एमेटचं झालं होतं. बिनझुकलेलं.

शेवटचा जानेवारी आला. कॉलेजात शिकवायची एक जागा निघाली होती आणि ती एमेटला द्यायचं डॉक्टर व्हेरहेगनी मनाशी ठरवलं होतं. समारोपाला प्रत्येकाने चॅपलमध्ये उभं राहून आपल्या श्रद्धेची कबुली मोठ्याने द्यायची, तेवढी दिली की पदवी. पदवीमागून नोकरी, नोकरीमागून इथेच घर, आणि मार्लिसचे वडील तर त्याला एक डुक्करही द्यायला तयार होते.

कॅफेटेरियात, हॅमचं गार सँडविच खाताना, एमेट म्हणाला, "मी देतो कबुली."

"पण तुला तर—"

"चार वाक्यं आहेत. मी बॉयलरच्या तोंडून अख्खी कादंबरी बोललो, माझ्या तोंडून चार वाक्यं नाही बोलता येणार? रोज जेवताना डोकं झुकवीन. तुझ्या बाकावर बसेन. गोळ्या खाईन. तुला फरकसुद्धा कळणार नाही."

मार्लिसने नाही म्हणायला हवं होतं. तिने त्याच्या बाहीवरचा पावाचा चुरा झटकला आणि हात तिथेच राहू दिला.

"म्हण," ती म्हणाली.

शेवटच्या वर्गात तिच्या कवितांची पाळी होती. शेजारी एमेट. सगळ्यांनी डोळे मिटले आणि नेहमीच्या मौनाची तयारी केली... आणि तो बोलायला लागला.

सुंदर बोलला. प्रभूने मार्लिसचे हात ओळीवर धरावेत, तिच्या घरावर, तिच्या माणसांवर कृपा राहावी, आणि तिच्या शेजारी जो कोणी चालेल त्याला तिच्याइतकी श्रद्धा लाभावी. आवाज नेमका हवा तिथे थरथरला. कर्टिस हुंदका देऊन मोकळे झाले. एकही शब्द जागचा हलवता आला नसता, आणि एकही शब्द त्याचा नव्हता. दोन वर्षं मार्लिस त्याचं प्रत्येक वाक्य वाचत आली होती. तो कुठे अडखळतो, कुठे विनोदामागे लपतो, सगळं तिला पाठ होतं. या प्रार्थनेत तो कुठेच लपला नव्हता, कारण तो त्यात आलाच नव्हता.

प्रार्थना संपली. आता तिचं आमेन.

तिने तोंड उघडलं. तिच्या घरात तो शब्द खरं असेल तिथेच म्हणायचा असतो. आज म्हटला की दर जेवणाला म्हणावा लागणार, दर पाळण्यावर, दर थडग्यावर. आणि दरवेळी हा तिच्यासाठी इतकंच सुंदर खोटं बोलणार, कारण त्याचं तिच्यावर प्रेम आहे. शब्द येईना.

वर्ग डोळे मिटून वाट बघत होता. कुणाचं पोट गुरगुरलं. कर्टिसनी मदत म्हणून हळूच "आ—" एवढं म्हणून बघितलं. डोळे फक्त दोघांचे उघडे होते, आणि या वेळी पूर्ण उघडे. एमेटने तिच्याकडे पाहिलं. वाचता तर त्यालाही येत होतं.

"ठीक आहे," तो अगदी हळू म्हणाला. "ठीक आहे, मार्लिस."

आमेनऐवजी तेच ऐकून सगळ्यांनी डोळे उघडले.

दुपारी त्याने डॉक्टर व्हेरहेगना सगळं सांगितलं, मौनाचंसुद्धा. त्या रडल्या. म्हणाल्या की तुझ्या बॉयलरइतकं श्रद्धाळू पात्र त्यांनी कित्येक वर्षांत वाचलं नव्हतं, पण बॉयलरला पदवी देता येत नाही. जागा दुसऱ्या कुणाला जाईल. दार तुझ्यासाठी उघडं आहे, असं त्यांनी मनापासून म्हटलं आणि थंडी येत होती म्हणून लावून घेतलं.

पार्किंगमध्ये बर्फ लोखंडासारखा झाला होता. मार्लिस निरोपाला आली. खोटं बोलायला तयार झालेला माणूस तिला नको होता. आणि खरं बोललेला हा माणूस समोर उभा होता, तो तिला जन्मभर हवा होता, आणि नेमका तोच तिच्या टेबलाशी बसू शकत नव्हता. हे तिने त्याला जसंच्या तसं सांगितलं. सांगताना तिचे ओठ थंडीने बधिर झाले होते, म्हणून ते फार चांगलं जमलं नाही.

"माझं तुझ्यावर प्रेम आहे," एमेट म्हणाला. "एवढं मात्र मी कुणासमोरही म्हणेन."

"माझंही आहे." तिने त्याच्या कोटाचं वरचं बटण लावलं. "म्हणून तर."

तो गाडीत बसला, किल्ली फिरवली. गाडीने एक क्षीण उसासा सोडला आणि ती गप्प झाली. पुन्हा फिरवली, उसासासुद्धा नाही. वर आभाळात कुणी असेल तर त्याने आपलं मत स्पष्ट दिलं होतं, आणि नसेल तर बॅटरी उतरली होती.

मार्लिस क्षणभर उभी राहिली. मग ती आपल्या पिकअपकडे गेली, गाडी आणून त्याच्या गाडीसमोर नाकाला नाक लावून उभी केली आणि सीटमागून एका बॅटरीने दुसरी चालू करायच्या केबल काढल्या. शेतावरची मुलगी ती. कुठला चिमटा कुठे लावायचा हे डोळे मिटूनही तिला जमलं असतं. चिमटे लावताना तिच्या गालावरून जे ओघळलं ते हनुवटीपर्यंत पोचायच्या आत गोठलं.

"आता फिरव किल्ली," ती म्हणाली.

गाडी लगेच सुरू झाली. धूर निघाला, काच थरथरली. तिने केबल काढून गुंडाळल्या आणि त्याच्या खिडकीशी वाकली.

"ओमाहापर्यंत कुठे थांबू नकोस. इंजिन बंद केलंस तर पुन्हा सुरू होणार नाही."

"कॉफीलासुद्धा नाही?"

"नाही."

"आणि समजा, मधेच माघारी वळावंसं वाटलं तर?"

मार्लिसने केबलचा वेढा छातीशी घट्ट धरला. "बॅटरी जुनी आहे, एमेट," ती म्हणाली. "सरळ जा."