एक पोतं रिकाम्या डब्या

डॉक्टरांनी पोतं उपडं केलं. वहिनींच्या टेबलावरून पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्या घरंगळत थेट भाऊजींच्या मांडीवर आल्या.

वहिनी खासगी तपासाचं काम करत, आणि सगळं गाव त्यांना वहिनीच म्हणे. भाऊजी हे त्यांचे धाकटे दीर. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून आपण वहिनींना मोठी मदत करतो असा त्यांचा समज होता, आणि वहिनींनी तो प्रेमाने जपला होता.

"एचआयव्हीच्या गोळ्यांच्या डब्या आहेत या," डॉक्टर म्हणाले. "आमच्या उपचार केंद्रात, औषधखोलीच्या कपाटात सापडल्या. सगळ्या रिकाम्या, नावाच्या चिठ्ठ्या खरवडलेल्या. देशभरातल्या केंद्रांचं मूल्यमापन चाललंय, त्यासाठी एक मॅडम आल्यात. त्या म्हणतात, काका गोळ्या काढून बाहेर विकतात आणि रुग्णांना दिल्या असं दाखवतात. उद्या त्यांचा अहवाल जाणार. मग काकांची नोकरी तर जाईलच, वर पोलीस."

"काका म्हणजे तुमचे फार्मासिस्ट?"

"हो. त्या माणसाने चोरी केली असेल तर मी डॉक्टरकी सोडून देईन."

"ते स्वतः काय म्हणतात?"

"तिथेच तर घोडं पेंड खातंय. सगळं सांगतो म्हणाले, खुर्ची ओढून बसलेही. मॅडमनी लिहून घ्यायला लॅपटॉप उघडला, पर्समधनं पेनड्राइव्ह काढला, आणि काकांची वाचाच बसली. तेव्हापासून तोंड उघडत नाहीत."

वहिनी एकेक डबी उचलून आत बोट फिरवत होत्या. "भाऊजी, तुमच्या मधुमेहाच्या डबीत ओल शोषणारी एक पुडी असते ना?"

"असते की."

"यातल्या एकाही डबीत ती नाही."

"पडल्या असतील कुठेतरी," भाऊजी म्हणाले आणि मांडीवरच्या डब्या खाली ठेवू लागले.

केंद्राच्या व्हरांड्यात बाकं भरलेली होती, पण कुणी कुणाकडे बघत नव्हतं. औषधाच्या खिडकीत एक भरलेली डबी होती. भाऊजींना राहवलं नाही. त्यांनी ती उचलून कानाशी हलवली. ती चांगली खुळखुळली. तशी सगळी कुजबुज थांबली, एका बाईने मान खाली घातली आणि एक तरुण उठून चालता झाला.

"साहेब, वाजवू नका," काकांनी हळूच डबी काढून घेतली.

काका किडकिडीत होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोटांना सुया टोचल्याच्या खुणा. आत त्यांच्या टेबलावर कात्री, दोऱ्याचं रीळ आणि रंगीबेरंगी कापडांचे तुकडे पडलेले होते.

"शिवणाचा नाद दिसतोय," वहिनी म्हणाल्या.

"वेळ जातो."

"आणि डब्या?"

"मी चोर नाही, वहिनी. याहून जास्त मला विचारू नका."

केंद्रातल्या सिस्टर मात्र फणकारल्या. "चोरी? आमच्या रुग्णांचं रक्त तपासा ना. बहुतेकांच्या रक्तात विषाणू सापडण्याइतकाही उरलेला नाही. मॅडमकडेच आहेत ते आकडे. काका दार लावून एकेकाशी बोलतात. आत काय होतं मला ठाऊक नाही, आणि मी कधी विचारलंही नाही."

मॅडम डॉक्टरांच्या खोलीत बसल्या होत्या. तरुण, नीटनेटक्या आणि दमलेल्या. "माझं काकांशी वैर नाही," त्या म्हणाल्या. "पण डबी हातात दिली म्हणजे औषध पोटात गेलं, असं धरून चालणाऱ्या अहवालांचा मला वीट आलाय." बोलता बोलता त्यांनी पर्समधून हिरव्या चौकटीच्या कापडाची एक छोटी पिशवी काढली. आत कापूस भरलेले इवले इवले कप्पे होते आणि एकेका कप्प्यात एकेक पेनड्राइव्ह.

"झकास आहे हो," भाऊजी म्हणाले. "कुठे मिळाली?"

"माझ्या वडिलांची. ते इथेच राहतात, याच गावात. त्यांच्याकडे दोन होत्या, एक मी मागून घेतली."

"मग त्यांच्याकडेच उतरला असाल?"

"नाही. हॉटेलात," मॅडम म्हणाल्या आणि लॅपटॉपकडे वळल्या.

वहिनी बाहेर आल्या त्या गप्पच. भाऊजींनी डिवचलं, "का हो, तुमचीही वाचा बसली?"

"मला सगळं कळलंय, भाऊजी. आता त्यातलं किती सांगायचं, ते ठरवतेय."

दुपारी वहिनींनी सगळ्यांना औषधखोलीत बोलावलं.

"चोर रिकाम्या डब्या स्वतःच्याच कपाटात साठवून ठेवत नाही," त्यांनी सुरुवात केली. "चिठ्ठ्या खरवडल्या, कारण त्यावर रुग्णांची नावं होती. ती कचऱ्यातून कुणाच्या हाती पडू नयेत म्हणून. मग ती पुडी. गोळ्यांबरोबर तीही गेली. गोळ्या महिनाभर घरात कोरड्या ठेवायच्या असतील, तरच माणूस पुडी सोबत नेईल. आणि मॅडम, तुमचेच आकडे बघा. गोळ्या बाजारात गेल्या असत्या तर रुग्णांच्या रक्तात विषाणू माजला असता. तो तर दिसेनासा झालाय. गोळ्या जिथे जायला हव्यात तिथेच गेल्यात."

"मग डब्या इथे कशा?" मॅडमनी विचारलं.

"ते भाऊजींनी शोधलं."

भाऊजी दचकले, पण त्यांनी चेहरा सावरला.

"त्यांनी डबी वाजवली आणि व्हरांडा चिडीचूप झाला. ही डबी बसमध्ये वाजते, कामावर पिशवीत वाजते, सासरी कपाटात वाजते. कुणीतरी विचारतंच, कसल्या गोळ्या? त्या धाकाने माणसं औषध न्यायला येईनाशी होतात. म्हणून काका दार लावून डबी इथेच रिकामी करायला लावतात. नियमात बसत नाही, म्हणून डॉक्टरांनाही बोलले नाहीत. काका, कुठे चुकलं का माझं?"

काकांनी नकारार्थी मान हलवली. डॉक्टरांनी सुटकेचा मोठा श्वास सोडला.

मॅडम खुर्चीवर टेकल्या. "औषध दिलं का, घेतलं का, हे आम्ही विचारतो. घरी नेता कसं, हे कधीच विचारलं नाही. काका, माझी चूक झाली. अहवालात आता हेच लिहीन, डबीच बदला म्हणून." मग त्यांनी मान वर केली. "पण नेतात कशात?"

"ज्याला जे जमेल त्यात," वहिनी घाईने म्हणाल्या.

"आणि हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत, काका?" मॅडमनी विचारलं. "तुरुंगात जायची वेळ आली होती."

काका टेबलावरचं दोऱ्याचं रीळ गुंडाळू लागले. भाऊजींच्या डोक्यात मात्र नेमका त्याच क्षणी उजेड पडला. "अहो, ती कप्पे शिवलेली..." वहिनींनी त्यांच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता.

मॅडमची नजर कापडांच्या तुकड्यांवर गेली. त्यात हिरव्या चौकटीचा एक तुकडा होता. त्यांनी पर्समधली पिशवी काढून त्याच्या शेजारी ठेवली. भाऊजींना जन्मात कधी इतकं वाईट वाटलं नव्हतं.

"मी कुणाबद्दल काही बोलत नसतो," काका म्हणाले.

"मी कुणाबद्दल विचारतच नाहीये." मॅडमनी पिशवीच्या एका कप्प्यावरून बोट फिरवलं. "समजा, एक म्हातारे गृहस्थ आहेत. मुलगी आली की खुर्ची लांब ओढतात. नातीला मांडीवर घेत नाहीत. स्वतःचं ताट, पेला वेगळा ठेवतात. मुलीला वाटतं, आपण त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तो राग अजून गेलेला नाही. समजा हं."

"समजलो."

"राग नसेल?"

"रागावलेला माणूस इतकं जपत नाही, मॅडम. अशांना मी दर खेपेला सांगतो, जवळ बसून नाही लागत हे, एका ताटात जेवूनही नाही लागत. माना डोलावतात आणि घरी जाऊन पेला वेगळाच ठेवतात. स्वतःची भीती नसते त्यांना, मुलांची असते."

"आणि तब्येत?"

"इथले सगळे ठणठणीत आहेत. आताच वहिनींनी आकडे सांगितले ना."

मॅडम डोळे पुसत हसल्या. त्यांनी तिथेच उभं राहून फोन लावला.

"बाबा, हॉटेल सोडतेय. संध्याकाळी तुमच्याकडे येते राहायला. आणि माझं पान वेगळं वाढू नका. मी तुमच्या ताटात जेवणार आहे, लहानपणी जेवायचे तशी."

मॅडम फोन कानाशी धरून थांबल्या, आणि वहिनींनी भाऊजींना दंडाला धरून बाहेर काढलं.